९९ टक्के अचूकता आणि एकाच मोळीतले ऊस : मेंदूच्या स्कॅनवरून स्मृतिभ्रंश ओळखताना



एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट निवडायची वेळ आली, किंवा पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायला घेतला, की एक विषय हमखास पुढे येतो : ‘डीप लर्निंग वापरून मेंदूच्या एमआरआयवरून अल्झायमर ओळखणे’. का येतो, हे समजण्यासारखं आहे. डेटा फुकट मिळतो, कोड तयार मिळतो, गुगल कोलॅबवर जीपीयूही मिळतो, आणि विषय लोकांच्या उपयोगाचा. पण पेपर वाचायला घेतले की अचूकता ९७ टक्के, ९८ टक्के, ९९.६ टक्के! मग वाटतं, आता यात करण्यासारखं उरलंय काय?

भरपूर उरलंय. आज मला मुख्यतः एकच गोष्ट नीट समजावून सांगायची आहे. हा ९९ चा आकडा अनेकदा मॉडेलच्या हुशारीतून येत नाही, डेटाची विभागणी चुकल्यामुळे येतो. ती चूक कशी ओळखायची आणि कशी टाळायची, हे एकदा कळलं की या विषयातला कुठलाही पेपर तुम्ही वेगळ्या नजरेनं वाचाल. थोडं पायथॉन आणि न्यूरल नेटवर्कची जुजबी ओळख असेल तर लेख सहज समजेल. नसेल तरी काळजी करू नका, हळूहळू जाऊ.

आधी आजार, मग मॉडेल

आपल्याकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवला जातो. पण चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे न कळणं वेगळं. स्मरणशक्ती, भाषा, दिशेचं भान, निर्णय घेण्याची ताकद यांत रोजचे व्यवहार अडतील इतकी घट झाली तर त्याला स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया म्हणतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहिला असेल तर मोहन आगाशेंनी उभे केलेले ते निवृत्त संस्कृत पंडित आठवा. त्यांच्याकडं बघून कुणी ‘वय झालं’ एवढ्यावर थांबू शकत नाही.

एक शब्द नीट वापरायची सवय लावून घ्या. डिमेन्शिया हे लक्षणांच्या गटाचं नाव आहे. अल्झायमर हे त्यामागचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे होणारा, लेवी बॉडीचा, फ्रंटोटेम्पोरल असे इतरही प्रकार आहेत. अनेक प्रस्तावांमध्ये हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले असतात, आणि तिथंच वाचणाऱ्या तज्ज्ञाचा विश्वास निम्मा जातो.

भारतात हा प्रश्न केवढा आहे? ‘लासी’ हे वृद्धत्वाचं राष्ट्रीय सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं इतर संस्थांबरोबर केलं. त्याचाच स्मृतिभ्रंशावरचा भाग म्हणजे ‘लासी-डॅड’. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. शहरात ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के. पुरुषांत ५.८, स्त्रियांत ९. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं हिशेबाला लागणार आहेत.

एमआरआयमध्ये दिसतं काय?

मेंदूच्या आत, कानांच्या पातळीवर दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून हे ग्रीक नाव. एका बाजूचं आकारमान साधारण ३ घन सेंटिमीटर. नव्या आठवणी साठवण्यात त्याचं मोठं काम. अल्झायमरमध्ये हा भाग आणि त्याच्या शेजारचा टेम्पोरल लोबचा आतला भाग लवकर आक्रसायला लागतो. निरोगी वृद्धांमध्येही तो दरवर्षी साधारण दीड टक्क्यानं लहान होतो, अल्झायमरमध्ये मात्र चार-पाच टक्क्यांनी. मेंदू आक्रसला की आतल्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल, मोठ्या दिसू लागतात.

वरच्या ओळींत एक अडचण दडलेली आहे. निरोगी माणसाचा मेंदूही वयानुसार आक्रसतोच. म्हणजे ७८ वर्षांच्या निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पस आणि ६५ वर्षांच्या सुरुवातीच्या रुग्णाचा हिप्पोकॅम्पस आकारानं सारखे असू शकतात. मॉडेलनं वय ओळखलं की आजार ओळखला, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. त्याकडं आपण पुन्हा येऊ.

अजून एक गोष्ट. विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाचं स्कॅन डॉक्टर का करायला सांगतात? अल्झायमरचा शिक्का मारायला म्हणून नाही फक्त. डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, गाठ, मेंदूतल्या पाण्याचा निचरा नीट न होणं अशी इलाज होऊ शकणारी कारणं आहेत का, हे आधी पाहायचं असतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांची तपासणीही त्याचसाठी. ‘अल्झायमर आहे की नाही’ एवढाच प्रश्न विचारणारं मॉडेल या सगळ्याकडं डोळेझाक करतं. प्रस्तावात हे एका वाक्यात तरी लिहा.

मॉडेल काय शिकतं?

एमआरआय म्हणजे मेंदूचा त्रिमितीय नकाशा. फोटोतल्या पिक्सेलसारखे इथं छोटे ठोकळे असतात, त्यांना वोक्सेल म्हणतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठानं २००७ साली खुला केलेला ‘ओएसिस’ संच घ्या. त्यातला एक स्कॅन २५६ × २५६ × १२८ ठोकळ्यांचा असतो. गुणाकार केला तर जवळपास ८४ लाख आकडे, एका माणसाच्या एका स्कॅनमध्ये! आणि माणसं किती? ४१६.

कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क, थोडक्यात सीएनएन, या आकड्यांवरून छोट्या छोट्या चाळण्या फिरवतं. पहिल्या थरातल्या चाळण्या कडा आणि उजेड-अंधार टिपतात, पुढच्या थरांतल्या आकार टिपतात, शेवटी ‘निरोगी’ की ‘आजारी’ असा कौल निघतो. चाळण्या कशा असाव्यात हे आपण सांगत नाही, उत्तरं माहीत असलेली उदाहरणं दाखवून मॉडेलला शिकू देतो. चूक झाली की वजनं थोडी बदलायची, पुन्हा दाखवायचं.

यातला धोका उघड आहे. माणसं ४१६, आकडे माणशी ८४ लाख, आणि वजनं लाखोंच्या घरात. अशा मॉडेलला आजार समजून घ्यायची गरजच पडत नाही. ते माणसंच पाठ करू शकतं. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी ओळखायचा कसा? त्याला न पाहिलेला प्रश्न विचारायचा. म्हणून डेटाचे दोन भाग करतात : ट्रेनिंगसाठी एक, टेस्टसाठी दुसरा. सगळं घोडं अडतं ते इथंच.

६४ चित्रं म्हणजे किती माणसं?

त्रिमितीय स्कॅन हाताळायला मेमरी फार लागते. म्हणून बरेच जण त्याचे आडवे काप घेतात, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. प्रत्येक काप म्हणजे एक साधं द्विमितीय चित्र. मग फोटो ओळखायला बनवलेलं कुठलंही तयार मॉडेल त्यावर चालतं.

कॅगलवर अल्झायमरचा एक चित्रसंच फार लोकप्रिय आहे. एकूण ६,४०० चित्रं, चार वर्ग :

निरोगी – ३,२००
अतिसौम्य – २,२४०
सौम्य – ८९६
मध्यम – ६४

आता वही-पेन घ्या. प्रत्येक आकड्याला ३२ नं भागा. १००, ७०, २८ आणि २. एकही बाकी उरत नाही.

आता ओएसिसचे आकडे बघा. त्या ४१६ जणांपैकी १०० जणांना डिमेन्शिया आहे. त्यात अतिसौम्य ७०, सौम्य २८ आणि मध्यम २. तेच आकडे! म्हणजे एका माणसाचे ३२ काप असं धरलं की हिशेब तंतोतंत जुळतो. ६,४०० चित्रं वाटत होती, पण माणसं निघाली फक्त २००. आणि ज्या ‘मध्यम’ वर्गावर लोक १०० टक्के अचूकता सांगतात, त्यात माणसं आहेत दोन.

पुढची पायरी तुमच्या लक्षात आलीच असेल. या संचाबरोबर कोणतं चित्र कोणत्या माणसाचं याची यादी येत नाही. विद्यार्थी काय करतो? सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये, मग रँडम पद्धतीनं ८० टक्के ट्रेनिंगला, २० टक्के टेस्टला. परिणाम असा होतो की एकाच माणसाचे २५-२६ काप ट्रेनिंगमध्ये जातात आणि उरलेले सहा-सात टेस्टमध्ये. शेजारचे दोन काप तर जवळजवळ सारखेच दिसतात. टेस्टमध्ये मॉडेलसमोर नवा माणूस येतच नाही. ओळखीचाच माणूस येतो, थोडा वरच्या किंवा खालच्या पातळीवर कापलेला.

मोळीचं उदाहरण

आपल्या शिरोळ भागातलं उदाहरण घेऊ, म्हणजे पक्कं बसेल. समजा तुम्हाला उसाच्या फोटोवरून ८६०३२ आणि २६५ या जाती ओळखणारं मॉडेल बनवायचं आहे. तुम्ही २०० फडांवर गेलात. प्रत्येक फडातली वाढ्यानं बांधलेली एकच मोळी घेतली आणि त्या मोळीतल्या ३२ उसांचे फोटो काढले. झाले ६,४०० फोटो.

हे फोटो पिसले आणि ८०-२० वाटले, तर प्रत्येक मोळीतले काही ऊस ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये जाणार. एका मोळीतल्या उसांवर एकाच रानाची माती असते, त्यांना पाणी सारखंच मिळालेलं असतं, फोटो एकाच उन्हात काढलेले असतात. मॉडेलला पेरं आणि डोळे बघून जात ओळखण्याची गरजच नाही. ‘ही माती मी पाहिली आहे, ती मोळी ८६०३२ ची होती’ एवढं पाठ केलं की झालं. टेस्टमध्ये ९९ टक्के मिळतील. आणि उद्या नव्या फडावर गेलात की मॉडेल तोंडावर आपटेल.

बरोबर पद्धत सोपी आहे. वाटणी उसांची करायची नाही, मोळ्यांची करायची. एखादी मोळी ट्रेनिंगमध्ये गेली की ती अख्खी ट्रेनिंगमध्ये. मेंदूच्या बाबतीत मोळी म्हणजे माणूस. एका माणसाचा एकही काप दोन्हीकडं दिसता कामा नये. या चुकीला डेटा लीकेज म्हणतात, आपण डेटाची गळती म्हणू.

गळतीनं आकडा किती फुगतो?

हे मोजून झालेलं आहे. २०२१ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात तेच मॉडेल, तोच डेटा घेऊन दोन्ही प्रकारे विभागणी करून पाहिली. कापांनुसार वाटणी केल्यावर ओएसिसवर अचूकता सुमारे ३० टक्क्यांनी आणि ‘अॅडनी’ या दुसऱ्या प्रसिद्ध संचावर सुमारे २९ टक्क्यांनी खोटी वाढली.

त्याच अभ्यासातला पुढचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी माणसांना ‘आजारी’ आणि ‘निरोगी’ ही लेबलं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली. म्हणजे लेबलांचा मेंदूशी काही संबंधच उरला नाही. शिकण्यासारखं काही नसताना मॉडेलला किती गुण मिळायला हवेत? नाणं उडवल्याइतके, ५० टक्के. माणसांनुसार वाटणी केली तेव्हा ५० टक्केच आले. कापांनुसार वाटणी केली तेव्हा आले सुमारे ९६ टक्के! आजार डेटात नसतानाही मॉडेलनं तो ९६ टक्के ‘ओळखला’. घोकंपट्टीचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

त्याआधी २०२० साली ‘मेडिकल इमेज अॅनालिसिस’मध्ये सीएनएन वापरून अल्झायमर ओळखणाऱ्या पेपरांचा आढावा आला होता. तपासलेल्या पेपरांपैकी निम्म्याहून जास्त पेपरांमध्ये गळती झालेली असू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता.

गळतीच्या आणखी वाटा आहेत. तुमच्या कामात त्या एकेक करून तपासा.

पहिली, ऑगमेंटेशन. चित्र फिरवून, उलटं करून नव्या प्रती बनवायच्या आणि मग विभागणी करायची, म्हणजे मूळ चित्र एकीकडं आणि त्याची प्रत दुसरीकडं. आधी विभागणी, मग ऑगमेंटेशन, तेही फक्त ट्रेनिंगवर.

दुसरी, पुन्हा पुन्हा केलेले स्कॅन. अॅडनीमध्ये एकच माणूस अनेक वर्षं स्कॅनसाठी येतो. ओएसिसमध्ये एकाच भेटीत तीन-चार स्कॅन झालेत, आणि २० निरोगी लोकांचं ९० दिवसांच्या आत पुन्हा स्कॅन झालंय. फाईल वेगळी असली तरी माणूस तोच.

तिसरी, टेस्टवर बघून मॉडेल निवडणं. पन्नास वेळा मॉडेल चालवायचं आणि टेस्टमध्ये सगळ्यात चांगला आलेला आकडा छापायचा. हे म्हणजे उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर पुन्हा लिहायला देण्यासारखं. त्यासाठी व्हॅलिडेशनचा वेगळा भाग ठेवा. टेस्टचं कुलूप शेवटी एकदाच उघडायचं.

गळती बंद केली, तरी वयाचं काय?

ओएसिसमधल्या ४१६ जणांचं वय १८ ते ९६ आहे. डिमेन्शिया असलेले सगळे १०० जण साठीच्या पुढचे. डिमेन्शिया नसलेले ३१६. पण त्यातले २१८ जण साठीच्या आतले आहेत, आणि साठीच्या पुढचे निरोगी फक्त ९८.

आता समजा तुम्ही माणसांनुसार अगदी चोख विभागणी केली, पण सगळे ४१६ घेतले. मॉडेलला सोपा रस्ता सापडतो : भरलेला तरुण मेंदू दिसला की ‘निरोगी’, आक्रसलेला दिसला की ‘आजारी’. हे डिमेन्शिया ओळखणं झालं नाही, म्हातारपण ओळखणं झालं. आणि दवाखान्यात विसरभोळेपणाची तक्रार घेऊन २५ वर्षांची मुलं येत नाहीत, सत्तरीची माणसं येतात. म्हणून तुलना ९८ विरुद्ध १०० अशीच हवी.

पुन्हा उसाकडं या. क्षारपड रानात २६५ जास्त तग धरतो म्हणून तिथं तोच लावला जातो. मग मॉडेल मातीचा रंग बघून ‘२६५’ म्हणेल आणि बरोबरही ठरेल, जात न बघता. याला कन्फाउंडर म्हणतात. मेंदूच्या डेटात वय हा कन्फाउंडर असतो, स्कॅनर असू शकतो. आजाऱ्यांचे स्कॅन एका मशिनवर आणि निरोगींचे दुसऱ्या मशिनवर झाले असतील, तर मॉडेल मशिन ओळखायला शिकतं.

यावर साधा उपाय आहे. कुठलंही मोठं मॉडेल चालवण्याआधी फक्त वय आणि हिप्पोकॅम्पसचं आकारमान घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन चालवा. आकारमान फ्रीसर्फर या मोफत सॉफ्टवेअरनं मिळतं. तुमचं सीएनएन या दोन आकड्यांच्या मॉडेलला हरवतं का? हरवत नसेल, तर तेही लिहा. तोही निष्कर्षच आहे.

लेबल कुठून आलं?

एमआरआय मशिन ‘डिमेन्शिया’ असं लेबल छापत नाही. ओएसिसमध्ये ते ‘सीडीआर’ नावाच्या मोजपट्टीवरून आलं. ० म्हणजे निरोगी, ०.५ अतिसौम्य, १ सौम्य, २ मध्यम, ३ तीव्र. त्यासाठी तज्ज्ञ रुग्णाशी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाशी बोलतात. स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयक्षमता, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची निगा, असे सहा विषय. म्हणजे मॉडेलचं सत्य शेवटी एका संभाषणातून आलेलं असतं.

संभाषण आलं की भाषा आणि शिक्षण आलं. १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘एमएमएसई’ चाचणीत १०० मधून ७-७ वजा करत जायला आणि एक वाक्य लिहायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या, पण बाजारात पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आजीबाई त्यात नापास होतील. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढच्या ग्रामीण भागातल्या न शिकलेल्या वृद्धांसाठी त्या चाचणीचं खास हिंदी रूप तयार केलं गेलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. अॅडनीमधल्या लोकांचं शिक्षण सरासरी १५-१६ वर्षांचं आहे. तिथं शिकलेलं मॉडेल आपल्या तालुक्यात आणायचं तर आधी हा फरक डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

मेंदूंचाही फरक आहे. स्कॅन एकसारखे करण्यासाठी ते बहुधा ‘एमएनआय’ नावाच्या नमुना-मेंदूवर बसवतात, जो पाश्चात्त्य लोकांच्या स्कॅनवरून बनला आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा भारतीय नकाशा बनवला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. भारतीय मेंदू सरासरीनं उंची, रुंदी आणि आकारमान यांत पाश्चात्त्य आणि चिनी-कोरियन नमुन्यांपेक्षा थोडा लहान असल्याचं त्यात दिसलं. याचा बुद्धीशी काही संबंध नाही. पण ‘लहान म्हणजे आक्रसलेला’ असं शिकलेल्या मॉडेलसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात यावर मोठं काम सुरू आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरच्या ग्रामीण लोकांचा दीर्घकालीन अभ्यास करतं. १०,००० लोकांचं उद्दिष्ट आहे. एका तालुक्यातून असा डेटा उभा राहू शकतो, हे ध्यानात ठेवा. पीएच.डी.ची पेट देणाऱ्यांनी तर जरूर. (पेट स्कॅन नव्हे हं, आपली प्रवेश परीक्षा!)

९० टक्के म्हणजे गावात काय?

समजा सगळं नीट केलं आणि मॉडेल प्रामाणिकपणे ९० टक्क्यांवर आलं. म्हणजे १०० आजाऱ्यांपैकी ९० ओळखतं आणि १०० निरोगींपैकी ९० जणांना निरोगीच म्हणतं. हे मॉडेल घेऊन तालुक्यात तपासणी शिबिर भरवलं आणि साठीच्या पुढचे १,००० जण आले.

लासी-डॅडच्या ७.४ टक्क्यांनी त्यात आजारी ७४. मॉडेल त्यातले ६७ पकडेल, ७ सुटतील. निरोगी ९२६. त्यातल्या १० टक्क्यांना, म्हणजे ९३ जणांना, मॉडेल चुकून आजारी म्हणेल. एकूण ‘आजारी’ ठरले १६०, खरे आजारी ६७. म्हणजे मॉडेलनं ज्यांना बोट दाखवलं त्यांच्यातले ४२ टक्केच खरे.

उरलेल्या ९३ घरांत काय होईल, याचा विचार करा. ‘म्हाताऱ्याला भूलपण आलंय’ असं कागदावर आलं की त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, बँकेत सही चालायची की नाही, यावरून भावाभावांत वाद लागतात. मॉडेलच्या चुकीचा दंड मॉडेल भरत नाही. म्हणून असं मॉडेल सरसकट शिबिरात वापरायचं की डॉक्टरांनी आधीच संशय घेतलेल्या पेशंटसाठी मदतनीस म्हणून, हे प्रस्तावात स्पष्ट लिहायला लागतं. दुसऱ्या ठिकाणी आजाराचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यामुळे तेच ९० टक्के तिथं जास्त कामाचे ठरतात.

सुरुवात करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. डेटात माणसं किती? चित्रं नव्हे, माणसं. पेपर वाचतानाही हाच आकडा आधी शोधा. सापडला नाही तर सावध व्हा.

२. विभागणी माणसांनुसार झाली का? सायकिट-लर्नमध्ये ग्रुप-के-फोल्ड याचसाठी आहे. माणसांची ओळख देणारी यादी नसलेला संच वापरूच नका. ओएसिस आणि अॅडनी दोन्ही संशोधकांना अर्ज करून मोफत मिळतात, यादीसकट.

३. दोन्ही गटांचं वय सारखं आहे का?

४. लेबलं पिसून पाहिलं का? माणसांना लेबलं चिठ्ठ्यांनी वाटा आणि मॉडेल पुन्हा चालवा. ५० टक्क्यांच्या आसपास आलं नाही तर कुठंतरी गळती आहे. एका रात्रीत होणारी ही तपासणी आहे.

५. सोप्या मॉडेलशी तुलना केली का?

६. आकड्याबरोबर त्याची रुंदी दिली का? टेस्टमध्ये ४० माणसं आणि ३४ बरोबर आली तर ८५ टक्के. पण इतक्या कमी माणसांवर खरं उत्तर साधारण ७१ ते ९३ यांमध्ये कुठंही असू शकतं. नुसतं ‘८५.००’ छापणं दिशाभूल करणारं आहे.

७. दुसऱ्या ठिकाणच्या डेटावर तपासलं का? अॅडनीवर शिकवून ओएसिसवर टेस्ट करा. आकडा घसरेल. किती घसरतो आणि कुठल्या माणसांवर घसरतो, हाच तुमच्या प्रबंधाचा चांगला विषय होऊ शकतो.

गाइडना किंवा परीक्षकांना ७८ टक्के दाखवायचे कसे, ही भीती मला कळते. शेजारचा ९९ घेऊन बसलेला असतो. अशा वेळी दोन्ही आकडे एकाच तक्त्यात ठेवा : कापांनुसार विभागणी केली तर इतके, माणसांनुसार केली तर इतके. तुमचा ७८ कमी का आहे ते तो तक्ताच सांगेल, आणि शेजारच्याचा ९९ कशाचा आहे तेही.

शिरोळ, कुरुंदवाड, जयसिंगपूरकडचा पेशंट एमआरआयला बहुधा मिरज-सांगलीला नाहीतर कोल्हापूरला जातो. तो कुठल्याही मॉडेलच्या ट्रेनिंगमध्ये नसतो. त्याच्या मेंदूचा एकही काप मॉडेलनं आधी पाहिलेला नसतो. टेस्टचा संच बनवताना तो माणूस डोळ्यांसमोर ठेवा, विभागणी कशी करायची ते आपोआप कळेल.

पुढच्या लेखात अॅडनीसाठी अर्ज कसा करायचा आणि ग्रुप-के-फोल्डचा कोड ओळीगणिक कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत तुमच्याकडं असलेल्या डेटातली माणसं मोजून ठेवा.